फुलीबाईचा काढा

सारंगखेड्याहून आलेल्या स्वाराने घोड्यावरून खाली न उतरताच निरोप सांगितला आणि धनुबाईच्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली.

"सुंदरबाई गयी. पहाटले. बेगीन चला, तुम्हनीच वाट पाही ऱ्हायनात."

धनुबाई प्रकाशाची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि ती बाराही वर्षं तिने शेती एकटीने हाकली होती. सहजासहजी कुणावर विश्वास टाकायचा नाही, हे तिने त्या वर्षांत शिकून घेतलं होतं. कापूस मोजताना व्यापाऱ्याने तागडी उचलली की तिची नजर काट्यावर नसायची, त्याच्या अंगठ्यावर असायची. सुंदर ही तिची एकुलती एक लेक. चोवीस वर्षांची, सातवा महिना लागलेला. पंधरा दिवसांपूर्वी धनुबाई तिला बघून आली होती, तेव्हा पोरीने स्वतः भाकरी थापून वाढली होती.

ती रडली नाही. छकडा जोडायला लावला आणि स्वाराला विचारलं, "काय झालं तिला?"

"पोट दुखे."

"कधीपासून?"

"काल दुपारले. चक्कर यीसन पडनी. मंग बरी व्हयनी. सांजले जेवनी बी." तो जरा थांबला. "आज पहाटले जात्यावर बठनी, आनि गयी."

पडली, बरी झाली, जेवली आणि मेली. बैल पळत होते आणि धनुबाई हे चार शब्द पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून बघत होती. आजारी माणूस असं मरत नाही. पडल्यापासून जेवेपर्यंतच्या वेळात कुणीतरी काहीतरी केलं असलं पाहिजे.

छकडा सारंगखेड्यात शिरला तेव्हा दुपार कलली होती. घोडेबाजाराची यात्रा उठून आठ दिवस झाले होते, तरी घोड्यांच्या टापांनी उखणलेली जमीन तशीच होती. जावयाच्या दारात गर्दी होती आणि तिरडी बांधून तयार होती. सुंदरला न्हाऊ घालून, हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून निजवलं होतं. फक्त आईच्या येण्याची खोटी. एवढी घाई?

धनुबाईने लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. ओठ पांढरे फटक पडले होते, जणू अंगात रक्ताचा थेंबच नव्हता. तिने कुणाला न विचारता पदर बाजूला केला. पोट सात महिन्यांचं वाटत नव्हतं, भरलेल्या पखालीसारखं ताणलं होतं. वळ नव्हता, ओरखडा नव्हता. जावई रतिलाल खांबाला टेकून बसला होता. रडतही नव्हता आणि बोलतही नव्हता. आणि सुंदरची मोठी जाऊ, फुलीबाई, दिसतच नव्हती.

"फुली कोठे शे?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेजारची एक म्हातारी हळूच म्हणाली, "तठे चुल्हापाशी बठेल शे. काल तिनीच काढा दिधा व्हता सुंदरले."

"कसाना काढा?"

"कोन जाने. मोलगी गावना बजारमातीन काही मुळ्या आनस ती."

फुलीबाईला लग्नानंतर बारा वर्षांत मूल झालं नव्हतं. घरात दोन भाऊ, एक सामाईक शेत. धाकटीला मुलगा झाला असता तर सगळं त्याच्याकडे गेलं असतं. हे धनुबाईला कुणी सांगायला नको होतं. हे तर तिने सुंदरच्या लग्नाच्या दिवशीच मनात मांडून ठेवलं होतं.

ती उठून मागच्या दारी गेली. फुलीबाई चुलीपाशी गुडघ्यात मान घालून बसली होती. तिने वर पाहिलं आणि लगेच नजर उकिरड्याकडे गेली. एवढंसंच, पण धनुबाईला तेवढं पुरलं. उकिरड्याच्या कडेची माती भुसभुशीत होती, आठ-दहा दिवसांपूर्वी उकरलेली. धनुबाई खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उपसू लागली. वीतभर खाली चिंधी लागली. जुन्या लुगड्याचा तुकडा होता, सुकलेल्या रक्ताने काळा आणि कडक झालेला.

तो हातात धरून ती अंगणात आली.

"मन्ही पोरले कोनीबी हात लावू नका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळे गप्प झाले. "तिरडी उचलाले मी देवाव नही."

सुंदरचा थोरला दीर, फुलीबाईचा नवरा, पुढे आला, चार म्हाताऱ्यांनी समजावलं, सोयरिकीची आठवण करून दिली, पोटुशी बाई आहे, पाप लागेल म्हणाले. धनुबाई तिरडीच्या समोर जमिनीवर बसली ती बसलीच. शेवटी कुणीतरी पोलीसपाटलाला, भीमसिंगांना, बोलावून आणलं. भीमसिंग म्हातारे आणि शांत. त्यांनी चिंधी पाहिली, काढ्याचं गाडगं मागवलं, त्यात बोटभर राहिलेला तांबूस काढा पाहिला, आणि मग धनुबाईजवळ उकिडवे बसले.

"बाई, मी कागद केला की प्रेत शहाद्याला जाणार. सरकारी डॉक्टर ते फाडणार. पोटात बाळ आहे. नीट विचार करून बोला."

"विचार करीसनच बोली ऱ्हायनू."

"आणि काही निघालं नाही तर? ह्या घराचं नाव गेलं, तुमचंही गेलं."

"निघी," धनुबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी दोन गाड्या शहाद्याला निघाल्या. एकीत सुंदर आणि तिची आई होती. दुसरीत भीमसिंग, रतिलाल आणि गाडग्यासकट फुलीबाई. सगळ्या वाटेत धनुबाई मागे वळून दुसऱ्या गाडीकडे बघत होती, कुणी वाटेत गाडगं कलंडवेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी छगनलाल डॉक्टरांनी प्रेत आत घेतलं. डॉक्टर नंदुरबारचेच, मुंबईला शिकून आलेले, चाळिशीतले. आत जाण्याआधी त्यांनी सुंदरच्या पोटावर बोटाने टिचक्या मारून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. ते रतिलालकडे वळले.

"बायकोला मारलं होतं का? खरं सांगा."

"नही, साहेब."

"लाथ? धक्का? ओट्यावरून पडली? ह्या भागात हिवतापाने निम्म्या लोकांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली असते. वाढलेली पानथरी पिकल्या फळासारखी असते, नुसत्या गुद्द्याने फुटते. मी अशी तीन प्रेतं फाडली आहेत आणि तिन्ही वेळा नवरा 'नाही' म्हणाला होता."

रतिलाल मान हलवत राहिला. धनुबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. म्हणजे जहर नव्हे तर लाथ? म्हणूनच हा कालपासून रडला नाही? की दोघांनी मिळून, आधी ह्याने लाथ घातली आणि मग तिने गप्प बसवायला काढा पाजला? एकदा संशयाला वाट मिळाली की त्याला थांबा नसतो.

दवाखान्याच्या आवारात एक कडुनिंब होता. त्याच्या एका अंगाला धनुबाई बसली, दुसऱ्या अंगाला फुलीबाई. मधे दहा हातांचं अंतर. रतिलाल फाटकापाशी उभा होता. ऊन अंगावर आलं तरी कुणी जागा बदलली नाही.

"काय घाली व्हतं काढामा?" धनुबाईने विचारलं.

फुलीबाईने मान फिरवली.

"ती चिंधी कोनी पुरी?"

"मी पुरी."

"कशाले?"

पुन्हा गप्प.  न बोलणारा माणूस चोर असतो, असं धनुबाई आयुष्यभर मानत आली होती.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. हात धुतलेले होते, पण बाहीच्या कडेला डाग राहिला होता. त्यांनी भीमसिंगांना बोलावलं. धनुबाई न बोलावता जाऊन उभी राहिली.

"पोट रक्ताने भरलेलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पानथरी फार मोठी झाली आहे, माझ्या दोन ओंजळींत मावली नाही. पण ती फुटलेली नाही. कुठे मार नाही, हाड मोडलेलं नाही, कातडीखाली काळं-निळं नाही. कुणी हात लावलेला नाही बाईला."

"मंग रक्त कोठेन उनं?"

"पानथरीला रक्त नेणारी एक मोठी शीर असते, जठराच्या मागून जाते. त्या शिरेवर बोराएवढा फुगा आला होता. तो फुटला. परवा दुपारी थोडा फुटला असेल, रक्त जठराच्या मागच्या खोबणीत साठलं आणि तिथेच दबून थांबलं. म्हणून ती पडली, आणि पुन्हा उठली. काल पहाटे ते सगळं पोटात मोकळं झालं. मग मुंबईचा मोठा डॉक्टर शेजारी असता तरी उपयोग नव्हता."

"आणि काढा?"

"जठर आणि काढा मी बाटल्यांत भरून मुंबईला पाठवतो आहे. विषाचा तपास तिथे होतो. महिना लागेल, दीड महिना लागेल. पण माझ्या मते विष नाही."

धनुबाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "तुम्हले कोनी निरोप धाडा व्हता का, साहेब? सारंगखेडाहून?"

भीमसिंग दचकले. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत. ते ओट्यावर बसले आणि तिलाही समोर बसायला सांगितलं.

"बाई, तुम्ही प्रकाशाच्या ना? तापीला पूर येतो तेव्हा गोमाई नदीचं काय होतं?"

"पानी उलटं फिरस. गोमाईले जागाच नही ऱ्हात. आजूबाजूना नाल्याबी फुगतस."

"तुमच्या मुलीच्या पोटात तेच झालं होतं. आतड्यांचं आणि पानथरीचं रक्त एका जाड शिरेने, तिला नाळ म्हणू, यकृताकडे जातं. ती नाळ मला बुजलेली सापडली. दोरीसारखी कडक. आणि आजची नव्हे, फार जुनी. रक्ताला पुढे वाट नाही, म्हणून ते मागे तुंबलं. पानथरी फुगली. अन्ननळीच्या तळाशी शिरा जळवांसारख्या जाड झाल्या. पानथरी वाढली तसं तिला जास्त रक्त लागू लागलं, म्हणून रक्त आणणारी शीरही ताणली गेली आणि तिच्यावर फुगा आला. त्यात पोटुशी. गरोदरपणात बाईच्या सगळ्याच शिरा सैल पडतात. अशी बाई मरायच्या आधी कधीतरी रक्ताची उलटी करतेच. केली होती का?"

"नही," धनुबाई म्हणाली. "मन्ही पोर कधी आजारी पडनी नही."

"केली व्हती."

मागून आवाज आला. फुलीबाई झाडाखालून उठून आली होती. तिने डोक्यावरचा पदर घट्ट धरला होता.

"दोनदाव केली व्हती. एकदाव दिवायीमा, आनि एकदाव यात्रा उठनी त्या दिनले. वाटीभर रक्त. तिनी माले आन घाली व्हती, कोनलेच सांगू नको म्हने. दुखनाईत शे म्हनीसन कयनं तर घरमा दुसरी आनतीन, असं भ्याव वाटे तिले. मी चिंधी पुरी. मोलगीना बजारमा एक म्हातारी रक्त थांबानी मुळी दे, ती मी उकायी उकायी पाजू. दुसरं काहीच नही घालं. परवा पडनी तव्हय बी तीच पाजी."

"माले कशाले नही सांगं तिनी?" धनुबाईचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी माय शे तिन्ही."

फुलीबाईने जमिनीकडे बघत सांगितलं, "ती म्हने, मायले सांगं तर माय अख्खं गाव जमा करी."

फाटकापाशी उभा असलेला रतिलाल हे सगळं ऐकत होता. तो तिथेच खाली बसला आणि कालपासून पहिल्यांदा रडू लागला, मोठ्याने, लहान पोरासारखा. धनुबाईने एकवार तिकडे पाहिलं. ह्या रडण्यात खोट शोधायचा तिने प्रयत्न केला आणि तिला ती सापडली नाही.

डॉक्टर उठायला लागले, मग थांबले. वहीत काहीतरी लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "पोटातली ही नाळ अशी बुजते ती बहुतेक लहानपणीच. मुलगी तान्ही असताना काही झालं होतं? ताप? बेंबी पिकली होती?"

"वीस दिन बेंबी वाहे," धनुबाई म्हणाली. "पू ये. जगनार नही म्हनेत बठ्ठा. मी दिनरात मांडीवर धरीसन बठू."

"बेंबीला काय लावलं होतं?"

"शेणीनी राख आनि तेल. आमनाकडे बठ्ठाच लावतस."

डॉक्टरांचा टाक थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही, नुसतं "बरं" म्हटलं आणि वही मिटली. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं. पण धनुबाईने सगळं आयुष्य लोकांच्या अंगठ्यांकडे आणि पापण्यांकडे बघत काढलं होतं.

"काय ते बोला, साहेब."

"काही नाही."

"काल मी गावनं आयकं नही. आज बी आयकाव नही. बोला."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बेंबी पिकली की कधी कधी पुवाचं विष त्याच वाटेने आत, त्या नाळेपर्यंत जातं. नाळ सुजते आणि बुजते. मूल जगतं, वाढतं, कुणाला पत्ता लागत नाही. असं मी वाचलं आहे. तुमच्या मुलीचं तसंच झालं असं मी खात्रीने म्हणू शकत नाही. कुणीच म्हणू शकणार नाही. आणि हजारो पोरांच्या बेंबीला राख लागते, ती धडधाकट असतात."

"पन व्हयेल ऱ्हाई."

"झालं असेल. नसेलही."

चोवीस वर्षांपूर्वीची राख. स्वतःच्या हाताने चुलीजवळ चाळून, वाटीत तेल घेऊन, तीन बोटांनी लावलेली. धनुबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. कालपासून ती दुसऱ्यांचे हात तपासत होती.

सुंदरला शहाद्यालाच, गोमाईच्या काठी अग्नी दिला. बाळ मुलगा होता, त्याला तिच्या कुशीतच ठेवलं. चिता पेटली तेव्हा धनुबाई आणि फुलीबाई जवळजवळ उभ्या होत्या, पण दोघींनी एकमेकींना हात लावला नाही.

महिना गेला. मुंबईहून कागद आला नव्हता. प्रकाशाच्या बाजारात सारंगखेड्याची माणसं यायची आणि धनुबाईच्या कानावर गोष्टी पडायच्या. फुलीबाईच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. विहिरीवर ती आली की बायका घागरी उचलून बाजूला होतात. हळदी-कुंकवाला तिला वगळलं. घरात स्वयंपाक ती करते, पण तिचा नवरा जेवताना आधी घास कुत्र्याला टाकतो. ह्यातली शेवटची गोष्ट ऐकली त्या दिवशी धनुबाईने छकडा जोडायला सांगितला.

ती सारंगखेड्यात पोचली तेव्हा विहिरीवर गर्दीची वेळ होती. ती जावयाच्या घरी गेली नाही, सरळ विहिरीवर गेली. बायकांनी तिला ओळखलं आणि कुजबुज थांबली. फुलीबाई सगळ्यांपासून लांब, रिकामी घागर घेऊन उभी होती. महिन्यात ती निम्मी झाली होती.

धनुबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "फुली, पानी काढ. माले तहान लागनी."

फुलीबाई हलली नाही. "कागद येऊ द्या, मावशी. मंग प्या."

"कागद येवो नही तर नको येवो."

"आनि कागदमा जहर निंघनं तर?"

"मी आते तुन्हा हातनं पिसू," धनुबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मन्ही पोरनी तुन्हा हातनं पिधं. मरापर्यंत पिधं."

फुलीबाईने दोर सोडला. बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. तिने घागर भरली आणि धनुबाईने ओंजळ पुढे केली. पाणी थंडगार होतं. धनुबाई प्यायली, पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायली. आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. कुणी पुढे आलं नाही, पण कुणी घागर उचलून निघूनही गेलं नाही.

घराकडे जाताना फुलीबाई म्हणाली, "तुम्हीन पानी प्यायनात, मावशी. पन माफी नही मांगी."

"माले मांगता येत नही," धनुबाई म्हणाली. "कधी मांगी नही कोनपाशी. शिकनू नही."

फुलीबाईने घागर दुसऱ्या कडेवर घेतली. तिला ते पटलं की नाही हे धनुबाईला कळलं नाही, आणि ते शोधून काढायला तिने ह्या वेळी फुलीबाईच्या तोंडाकडे बघितलं नाही.

ओट्यावर रतिलालने घोंगडी अंथरली आणि सासूच्या पाया पडून तो शेतावर निघून गेला. दोघीच उरल्या. फुलीबाई पाय दुमडून तिच्याजवळ बसली.

"ती तुले काय काय सांगे?" धनुबाईने विचारलं. "माले ना सांगता?"

"बराच सांगे."

"मंग सांग. सुरुवातपाईन सांग. माले रातभर ऱ्हानं शे."

फुलीबाईने डोळे पुसले. सुंदर लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यापासून ती सांगू लागली. मुंबईचा कागद पुढे माघात आला आणि त्यात काहीच विषारी नव्हतं. भीमसिंगांनी तो चावडीत मोठ्याने वाचून दाखवला.